दुखणे आपण सांगावे

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मला पाचवीच्या वर्गावर बदली तास मिळाला. हाताशी पुस्तक नव्हते. मी फळ्यावर खडूने एक भरीव वाटोळे काढले, त्याच्या मध्यभागी एक लहान गोल मोकळा ठेवला आणि त्या गोलापासून खाली काठापर्यंत एक सरळ फट सोडली. एक अक्षरही लिहिले नव्हते. तरीही मी वर्गाकडे वळण्यापूर्वीच मागच्या बाकावरून आवाज आला, "स्टेट बँक!" ज्या मुलाने तो दिला त्याचे कोणत्याही बँकेत खाते नाही. आजीच्या पासबुकावर ते चिन्ह त्याने पाहिले होते, एवढाच काय तो त्याचा बँकेशी संबंध.

हे चिन्ह १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी तयार केले. कोणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कोणाला नाणे दिसते, कोणाला उभा असलेला साधा माणूस दिसतो. अर्थाविषयी वाद होऊ शकेल, परंतु ओळखीविषयी होत नाही. अशा चिन्हाला आपण बोधचिन्ह म्हणतो. पूर्वी गलबतावरचे निशाण, सराफाची मुद्रा किंवा तांबटाचा ठसा जे काम करीत असे, तेच काम आज बोधचिन्ह करते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते सांगते, की हा माल अमक्याचा आहे आणि त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारीही अमक्याची आहे.

असे चिन्ह जन्माला येते तेव्हा दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात. एक चिन्ह काढणारा, दुसरा ते काढून घेणारा. पहिल्याला शिकविण्यासाठी महाविद्यालये आहेत. दुसऱ्याला मात्र कोणी काही शिकवीत नाही. पैसे आपले आहेत, तेव्हा बोलण्याचा अधिकारही आपोआप आलाच, अशी त्याची समजूत असते. या दुसऱ्या माणसाविषयी मला आज लिहावयाचे आहे. त्याचे कारण असे, की मी एकदा त्याच्या जागी बसले होते, आणि चुकले होते.

मी राहते तेरेखोलला. गोव्याचे हे शेवटचे टोक. नदीच्या पलीकडे केरी, आणि आमच्या पाठीशी महाराष्ट्रातले रेडी. आमच्या भागातील काही बायकांनी मिळून एक लहानसे मंडळ चालविले आहे. कोकमाचे आगळ, आमसुले आणि भाजलेले काजूगर हा त्यांचा माल. हिशेब व पत्रव्यवहार लिहून देण्याच्या निमित्ताने मीही त्या मंडळात आहे. पाच वर्षांपूर्वी मंडळाने ठरविले, की आपल्या बाटल्यांवर व पाकिटांवर आपले स्वतःचे चिन्ह असावे. माझा एक जुना विद्यार्थी पणजीच्या कला महाविद्यालयात शिकून नुकताच गावी परतला होता. मीच त्याचे नाव सुचविले. त्याने मोबदला ठरविला तो अगदी थोडा, आणि तोही संकोचत.

पंधरा दिवसांनी त्याने चिन्ह आणले. रातांबा, ज्याला आम्ही घरी भिरंड म्हणतो, तो आडवा कापला म्हणजे आत बियांच्या कुड्या चक्राकार मांडलेल्या दिसतात. त्याने नेमके तेवढेच काढले होते. एक गोल, आत पाकळ्यांसारख्या आठ कुड्या, आणि खाली मंडळाचे नाव. रंग एकच, आमसुलाचा.

आम्ही नऊ जणी बसलो होतो. प्रथम सर्वांनी "छान आहे" म्हटले. मग एक काकी म्हणाल्या, की आपण काजूही विकतो, तेव्हा काजू कुठे आहे? दुसरीने सुचविले, की तेरेखोल म्हटल्यावर किल्ला हवाच. तिसरीला फेरीबोट हवी होती, कारण माल जातो तो बोटीतूनच. कोणी म्हणाले, माड नसेल तर गोव्याचा माल कसा वाटेल? कोणी नमस्काराचे हात सुचविले, कोणी रंग भडक करावयास सांगितले. मुलगा सारे वहीत टिपून घेत होता. शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेली म्हणून माझ्या शब्दाला तेथे वजन होते. मी म्हणाले, "सगळे ठीक आहे रे, पण यात जीव नाही." आणि एवढ्यावर न थांबता मी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि त्याच्या कागदावर, त्याच्या त्या स्वच्छ गोलाच्या वर, किल्ल्याच्या तटाची रेघ ओढून दाखविली.

यानंतर त्याने आणखी तीनदा चिन्ह आणले आणि प्रत्येक खेपेस त्यात काही ना काही वाढले. चौथ्या खेपेस आम्ही ते पसंत केले. त्यात रातांबा होता, काजू होता, किल्ला होता, बोट होती आणि माडही होता. आपण जे जे सांगितले ते ते आले, याचे आम्हांला समाधान वाटले. लेबले छापून आली. आगळाच्या बाटलीवर चिन्हाला जागा मिळाली ती रुपयाच्या नाण्याएवढी. त्या आकारात किल्ल्याचा तट फणीच्या दातांसारखा दिसू लागला, काजूचा स्वल्पविराम झाला, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका गिऱ्हाइकाने बोटीवर बोट ठेवून विचारले, "हे काय, चप्पल?" गिऱ्हाईक हसले, आमच्या काकीही हसल्या. मला मात्र हसता आले नाही.

काही दिवसांनी तो मुलगा फेरीबोटीवर भेटला. मी विचारले, "तुला ठाऊक होते ना, की हे लहान केल्यावर असे दिसेल? मग बोलला का नाहीस?" तो कोंकणीतच बोलला. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा होता: "बाई, तुम्ही पेन्सिल उचललीत. मग मी काय बोलणार?"

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आमचे काय चुकले, याचे उत्तर शोधताना मी या विषयावर जे वाचले, त्यातून माझे एक मत बनले आहे. ते असे, की अभिप्राय देणाऱ्याने दुखणे सांगावे. औषध सांगू नये. आपण वैद्याकडे जातो तेव्हा "रात्री जेवल्यावर येथे दुखते" असे सांगतो. "मला अमुक काढा अमुक मात्रेत द्या" असे सांगत नाही. तसे सांगितले आणि वैद्याने मुकाट्याने तो काढा दिला, तर दुखणे राहते बाजूला आणि काढा मात्र पोटात जातो. "काजू घाला, किल्ला घाला, रंग भडक करा" ही सारी औषधे होती. त्यांच्यामागे दुखणे काय होते, हे आम्ही एकीनेही सांगितले नाही. काजू सुचविणाऱ्या काकींचे खरे म्हणणे असे होते, की हे चिन्ह पाहून लोक आम्हांला केवळ आगळवाल्या समजतील आणि काजू दुसरीकडून घेतील. ही भीती खरी होती, रास्तही होती. ती त्यांनी तशीच बोलून दाखविली असती, तर त्या मुलाने तिच्यावर कदाचित निराळाच उपाय शोधला असता. काजूच्या पाकिटाचा रंग निराळा ठेवून चिन्ह तेच ठेवा, असे तो म्हणू शकला असता. आम्ही त्याला उपाय शोधण्याची संधीच दिली नाही.

आणि माझे वाक्य तर त्याहून वाईट. "यात जीव नाही" हे ना दुखणे, ना औषध. ऐकणाऱ्याच्या मनाला ते टोचते, परंतु काय सुधारावे याचा काडीइतकाही बोध त्यातून होत नाही.

दुखणे सांगावयाचे तर प्रकृती कशी असावी हे आधी ठाऊक हवे. म्हणजे, चिन्हाने कोणते काम करावयाचे आहे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले हवे. आपल्या रुपयाच्या चिन्हाचे उदाहरण घ्या. २००९ साली भारत सरकारने त्यासाठी खुली स्पर्धा जाहीर केली, तेव्हा चिन्ह कसे दिसावे हे सांगितले नव्हते. त्याने काय साधावे हे सांगितले होते. ते देशाच्या संस्कृतीशी नाते सांगणारे असावे आणि संगणकाच्या कळफलकावर बसणारे असावे, अशा त्या अपेक्षा होत्या. तीन हजारांहून अधिक चिन्हे आली, त्यांतून पाच निवडली गेली, आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबईच्या आय. आय. टी.तील डी. उदय कुमार यांच्या चिन्हाला मान्यता दिली. देवनागरी "र", त्याच्या माथ्यावर दोन आडव्या रेघा, आणि त्यातच रोमन "आर"चाही भास. आज ते किराणा मालाच्या दुकानातील पाटीपासून मोबाइलच्या कळीपर्यंत सर्वत्र आहे. अमुक आकृती काढा असे सरकारने सांगितले असते, तर तीन हजार लोकांनी तीच एक आकृती तीन हजार वेळा काढली असती.

दुसरी गोष्ट आवडीनिवडीची. आम्ही नऊ जणींनी जे बोललो ते बहुतांशी "मला आवडते" आणि "मला आवडत नाही" यांच्यापलीकडे गेले नाही. परंतु चिन्ह आपल्या दिवाणखान्यात टांगावयाचे नसते. अमेरिकेतील नायकी या बुटांच्या कंपनीचे बाकदार चिन्ह १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने अवघ्या पस्तीस डॉलरांत काढून दिले. कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांना ते तेव्हा फारसे आवडले नव्हते, हे प्रसिद्ध आहे. परंतु बुटाच्या बाजूवर बसेल आणि वेग सुचवील असे चिन्ह त्यांना हवे होते, आणि ते काम ही आकृती करीत होती. त्यांनी आपली आवड बाजूला ठेवली आणि ती घेतली. पुढे १९८३ साली कंपनीने त्या चित्रकर्तीला आपले काही समभाग देऊन तिचे ऋण मानले. "मला आवडते का?" या प्रश्नापेक्षा "हे आपले काम करील का?" हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे.

तिसरी गोष्ट, एका चिन्हाने एकच गोष्ट सांगावी. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचे चिन्ह जुन्या पिढीतील वाचकांच्या डोळ्यांसमोर आजही उभे राहील. कंपनीला चित्रपटांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ होते. कॅमेरा होता, रंगभूषा होती, कलावंत होते. चिन्हात मात्र केवळ एक तुतारी, पहाट झाल्याची वर्दी देणारी. नाव आणि चिन्ह एकमेकांत असे मिसळून गेले, की एक आठवले म्हणजे दुसरे आठवावेच. आमच्या लेबलावर पाच गोष्टी होत्या आणि पाचांतली एकही कोणाच्या लक्षात राहिली नाही.

आता कोणी म्हणेल, "बाई, मग चित्रकार जे आणील ते मुकाट्याने घ्यावे की काय?" मुळीच नाही. मुकाट्याने मान डोलाविणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय. चित्रकार आपल्या आकृतीकडे इतका वेळ पाहत असतो, की तिच्यातील दोष पुष्कळदा त्याला दिसेनासा होतो. तो दाखविणारा डोळा बाहेरचाच लागतो. मात्र तो दोष नेमका सांगावा आणि सकारण सांगावा. याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ते एखाद्या कंपनीच्या चिन्हाचे नाही, आपल्या राष्ट्रध्वजाचे आहे.

१९२१ साली पिंगली वेंकय्या यांनी बेझवाड्यास गांधीजींपुढे ध्वजाचा नमुना ठेवला, त्यात लाल व हिरवा असे दोनच रंग होते. या दोन रंगांत हिंदू व मुसलमान आले, मग बाकीचे कुठे, असा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून पांढरा पट्टा आला. पुढे १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा आणि हिरवा असा, मध्ये चरखा असलेला ध्वज स्वीकारला. त्या चरख्याखाली लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. अशा ध्वजात काही दोष आहे असे म्हणण्यास कोण धजेल? परंतु २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी एक साधी व्यावहारिक अडचण सांगितली. ध्वजावरील चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखेच दिसावयास हवे. चरख्याचे चाक एका टोकास आणि चाती दुसऱ्या टोकास असते, त्यामुळे मागच्या बाजूने तो उलटा दिसतो. उपायही असा निघाला, की चरख्यातील चाक राहिले, बाकीचा भाग गेला, आणि त्या चाकाला अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभावरील चक्राचे रूप मिळाले. चरख्याविषयी अनादराचा एक शब्दही नाही, आवडीनिवडीचा प्रश्न नाही. दोष एका वाक्यात सांगितला, त्याचे कारण सांगितले, आणि जे मोलाचे होते ते राखले.

माझ्या मनाला हे उदाहरण अधिक जवळचे वाटते त्याचे कारण आमचा किल्ला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी, गोवा पोर्तुगीजांच्या अंमलाखाली असताना, सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकाविला आणि त्यापायी अटक पत्करली. त्या ध्वजावर चक्र होते. किल्ला नदीच्या मुखाशी उभा आहे. तेथे फडकणारे निशाण जमिनीवरूनही दिसते आणि पाण्यावरूनही. वारा फिरला तरी ते कोणत्याही बाजूने उलटे दिसत नाही. एका नेमक्या आक्षेपाचे मोल किती असते, हे येथे कळते.

अभिप्राय नेमका कसा करावा, यासाठी काही साध्या कसोट्या आहेत आणि त्यांना कलाशिक्षणाची गरज नाही. चिन्ह अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे. एकाच काळ्या शाईत छापून पाहावे, कारण पावतीवर किंवा रबरी शिक्क्यात रंग येत नाहीत. भिंतीवर लावून अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून पाहावे. ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाला ते क्षणभर दाखवून झाकावे आणि आठवेल तसे काढावयास सांगावे. मग जे दिसले ते जसेच्या तसे चित्रकाराला कळवावे: "लहान केल्यावर या दोन रेघा एक होतात", "काळ्या शाईत हा भाग ओळखू येत नाही", "आमच्या शेजारणीला हे फूल वाटले". अशा वाक्यांनी कोणाचा अपमान होत नाही आणि कामही पुढे सरकते. या कसोट्या छपाईच्या आधी करावयाच्या असतात. अमेरिकेतील गॅप या कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये आपले जुने चिन्ह एकाएकी बदलले, तेव्हा गिऱ्हाइकांनी एवढी ओरड केली, की सुमारे आठवड्याभरात जुने चिन्ह परत आणावे लागले. आधी थोड्यांना विचारले असते, तर नंतर हजारांचे ऐकावे लागले नसते.

आणखी एक पथ्य आहे. ऐकून घ्यावे पुष्कळांचे, परंतु चित्रकाराशी बोलावे एकानेच. नऊ मुखांतून नऊ आज्ञा निघाल्या आणि त्यांतल्या दोन परस्परविरुद्ध असल्या, तर बिचाऱ्याने कोणती पाळावी? आधी आपापसांत भांडून घ्यावे आणि मग एकमताचा कागद त्याच्या हाती द्यावा.

येथवर मी जे लिहिले ते व्यवहाराचे झाले. परंतु त्या मुलाच्या वाक्यात व्यवहारापेक्षा मोठी अशी एक गोष्ट होती. स्टीव्ह जॉब्स यांनी १९८६ साली आपल्या नेक्स्ट या नव्या संगणक कंपनीचे चिन्ह पॉल रँड या वृद्ध आणि नामवंत बोधचिन्हकाराकडून करून घेतले. चारपाच नमुने दाखवा, असे त्यांनी म्हणताच रँड यांनी सांगितले, की मी एकच देईन; घेणे न घेणे तुमच्या हाती. पुढे एका अक्षराच्या पिवळ्या रंगावरून खटका उडाला. जॉब्स यांना तो अधिक उजळ हवा होता. रँड यांनी टेबलावर मूठ आपटून आपल्या पन्नास वर्षांच्या अनुभवाची आठवण करून दिली, आणि जॉब्स यांच्यासारखा हट्टी मनुष्यही नमला. रँड यांना असे बोलता आले, कारण त्यांच्यामागे पन्नास वर्षे होती आणि मोबदला होता एक लाख डॉलर. आमच्या मुलामागे काय होते? समोर नऊ वडीलधाऱ्या बायका आणि त्यांतली एक त्याची शाळेतली बाई. त्याला "नाही" म्हणण्याची सोयच नव्हती. ज्याला उलट बोलता येत नाही त्याला अभिप्राय देताना आपण दुप्पट सांभाळून बोलावयास हवे. मी माझ्या पेन्सिलीला सूचना समजत होते. त्याच्या दृष्टीने ती आज्ञा होती.

हे ध्यानात आल्यावर मी शाळेत माझ्याच तपासलेल्या वह्या पुन्हा चाळून पाहिल्या. "निबंध विस्कळीत", "आणखी सुधारणा हवी", "ठीक". तांबड्या शाईतील ही वाक्ये वाचून कोणत्या मुलाला काय सुधारता आले असेल? दुसऱ्या काही वह्यांत मी मुलाचे वाक्य खोडून त्याच्या जागी माझे वाक्य लिहिले होते. वाक्य सुधारले होते खरे, परंतु ते त्याचे राहिले नव्हते. आता मी लिहिते, "दुसऱ्या परिच्छेदातून तिसऱ्यात कसे आलास ते मला कळले नाही." मुलगा विचार करतो आणि वाट स्वतः शोधतो. वेळ अधिक लागतो, हे कबूल केले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील बहुतेक जण बोधचिन्हे काढणार नाहीत. परंतु भित्तिपत्रकावर मित्राची कविता लागते, स्नेहसंमेलनासाठी कोणी पडदा रंगवितो, चतुर्थीला धाकटी बहीण माटोळी बांधते, आणि तुम्हांला विचारते, "कसे झाले?" त्या क्षणी तुम्ही चिन्ह काढून घेणाऱ्याच्या जागी बसलेले असता. "छान" म्हणून मोकळे होणे सोपे, "भिकार" म्हणणे त्याहून सोपे, आणि तिच्या हातातून दोरी ओढून घेऊन आपणच बांधू लागणे सर्वांत सोपे. "उजवीकडची फळे दारातून दिसत नाहीत" असे सांगणे थोडे कठीण आहे, कारण त्यासाठी आधी दारात जाऊन उभे राहावे लागते. पालकांनाही माझी हीच विनंती आहे.

त्या लेबलांचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करते. गेल्या वर्षी छापील लेबले संपली. मी त्या मुलाच्या घरी गेले आणि झाल्या गोष्टीबद्दल त्याच्याकडे दिलगिरी व्यक्त केली. तो जरा अवघडला. त्याच्या आईने चहा आणला. मग त्याने एकच अट घातली, की तुम्हांला काय हवे ते आधी एका कागदावर लिहून द्या. आम्ही दोन संध्याकाळी बसून, पुष्कळ वाद घालून, तो कागद लिहिला: आम्ही काय विकतो, कोण विकत घेते, चिन्ह कोठे व केवढे छापले जाणार, आणि ते पाहून गिऱ्हाइकाला काय आठवावे. त्याने पुन्हा तोच रातांबा आणला. आम्ही तो नखाएवढा करून पाहिला आणि त्याला कळविले, की आतल्या कुड्या एकमेकींना चिकटतात व सारा डाग दिसतो. यापुढे कोणी काही बोलले नाही. आठवड्याने तो आला तेव्हा आठ कुड्यांच्या जागी पाच होत्या आणि त्यांच्यामधील मोकळी जागा रुंद झाली होती. गोल तोच, परंतु आता तो नाण्याएवढ्या आकारातही स्वच्छ दिसत होता. आम्हां नऊ जणींपैकी एकीलाही हे सुचले नसते. काजूच्या पाकिटांसाठी त्याने तेच चिन्ह निराळ्या रंगात दिले आहे, आणि त्या काकींची तक्रार आता उरलेली नाही.

त्या बैठकीला जाताना मी पेन्सिल मात्र घरी ठेवून गेले होते.